लॉगची पहिली-शेवटची वेळ चुकतेय? आधी ‘किती’ चुकतेय ते पाहा

लॉगमध्ये, म्हणजे यंत्र आपल्या घडामोडी लिहून ठेवतं त्या फाइलमध्ये, कधीपासून कधीपर्यंतच्या नोंदी आहेत, एवढंच सांगणारी स्क्रिप्ट. ऐकायला अर्ध्या तासाचं काम. पहिली ओळ घ्या, शेवटची ओळ घ्या, दोन्हींतला टाइमस्टॅम्प (नोंदीची वेळ) कापा आणि छापा. बहुतेक दिवस ती बरोबर चालतेही, त्यामुळे कोणी तिच्याकडे पुन्हा बघत नाही. मग एखाद्या शुक्रवारी ती सांगते की लॉग १ जानेवारीपासूनचे आहेत. किंवा दुपारी एक वाजता सांगते की शेवटची नोंद संध्याकाळी साडेसहाची आहे. कोणीतरी स्क्रिप्टमध्ये एक ‘इफ’ वाढवतं, प्रश्न मिटल्यासारखा वाटतो, आणि पुढच्या महिन्यात परत तेच.

पूर्वी हे कोणी फारसं मनावर घेत नसे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश आल्यापासून चित्र बदललं. सगळ्या आयटी यंत्रणांचे लॉग मागचे सलग १८० दिवस जपायचे, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या यंत्राशी), नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या दुसऱ्या सर्व्हरशी, मिळवून ठेवायची, असं त्यात आहे. तेव्हापासून हिंजवडीतल्या मोठ्या ऑफिसांपासून भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधल्या एकुलत्या एका सर्व्हरपर्यंत ‘तुमचे लॉग कधीपासून आहेत?’ हा प्रश्न विचारला जातो. उत्तर कुठल्यातरी क्रॉनमधल्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) स्क्रिप्टने दिलेलं असतं.

त्या स्क्रिप्टच्या मुळाशी एक गृहीत असतं: फाइलमधली पहिली ओळ म्हणजे सर्वात जुनी वेळ. तसं नसतं. लॉग फाइल म्हणजे कारखान्याच्या गेटवरचं रजिस्टर. नोंदी आल्या त्या क्रमाने, पण वेळ ज्याने त्याने आपापल्या मनगटावरचं घड्याळ बघून लिहिलेली. एकाच फाइलमध्ये पाच यंत्रं लिहीत असतील तर पाच घड्याळं आली. म्हणून ‘पहिल्या ओळीची वेळ’ आणि ‘सर्वात लहान वेळ’ हे दोन वेगळे आकडे काढा. ते जुळले नाहीत तर त्यांच्यातलं अंतर मोजा. त्या अंतराच्या आकारावरून बिघाड कुठला आहे ते बहुतेकदा कळतं.

फरक साडेपाच तासांचा

हा सर्वात सोपा. शेवटची नोंद ‘आत्ता’च्या साडेपाच तास पुढे दिसत असेल, तर कोणीतरी भारतीय वेळ घेऊन तिच्यापुढे यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, ‘झेड’ लावला आहे. साडेपाच तास मागे दिसत असेल, तर यूटीसीतली वेळ तुमची स्क्रिप्ट स्थानिक समजून वाचते आहे. दुसऱ्या प्रकारात संशय पहिल्यांदा डॉकरवर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) घ्यावा. होस्ट भारतीय वेळेत असतो, आतला कंटेनर बहुधा यूटीसीत, आणि दोघांचे लॉग एकाच फोल्डरमध्ये येऊन पडतात. खात्री करायला ‘लॉगर’ कमांडने आत्ता एक ओळ टाका, मनगटावर बघा, फाइलमध्ये बघा.

फरक बरोबर अर्ध्या तासाचा असेल तर ऑफसेटमधले (यूटीसीपासूनच्या अंतरातले) फक्त तास वाचणारा कोड शोधा. पूर्ण तासांच्या झोनमध्ये राहणाऱ्या लोकांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांत हे अजूनही सापडतं. आणि झोन ‘आयएसटी’ असा अक्षरांत कधीच लिहू नका. ती तीन अक्षरं आयर्लंड आणि इस्राएलही वापरतात. ‘+०५:३०’ असा आकडाच हवा.

एका तासाचा फरक भारतातल्या यंत्रावर सहसा येत नाही, आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही. पण क्लायंटचा सर्व्हर परदेशात असेल तर युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास दोनदा येतो. त्या रात्री स्थानिक वेळेत लिहिलेल्या लॉगमधली शेवटची ओळ आधीच्या ओळींपेक्षा जुनी दिसू शकते. सगळं यूटीसीत बदलून मगच तुलना करा. पायथनमध्ये झोन असलेली आणि नसलेली वेळ एकमेकांशी ताडली तर टाइपएरर येते. ती आली की बरेच जण झोनच काढून टाकतात आणि एरर गप्प होते. ते करू नका, ती एरर तुमच्याच बाजूची आहे.

१ जानेवारी, पहाटे साडेपाच

यावर जरा थांबू, कारण इथे स्क्रिप्ट चुकते आणि वर पासही करते.

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सगळ्या उपकरणांचे लॉग एका लिनक्स सर्व्हरवर गोळा होत होते. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, आणि देखभालीसाठी वीजही बहुधा त्याच दिवशी बंद. सर्व्हर यूपीएसवर असतो, शॉप फ्लोअरवरचा नेटवर्क स्विच नसतो. वीज परत आली की स्विच उठतो. त्याच्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, त्यामुळे एनटीपीकडून वेळ मिळेपर्यंत त्याच्या लेखी युनिक्सचा शून्य क्षण चालू असतो: १ जानेवारी १९७०, यूटीसीप्रमाणे मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडची पहाटे साडेपाच. तेवढ्या वेळात तो ‘अमुक पोर्ट चालू झाला’ छापाचे संदेश लॉग सर्व्हरकडे पाठवून मोकळा होतो.

आता गंमत बघा. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये (लॉग संदेश पाठवायच्या ठरलेल्या रूपात), म्हणजे आरएफसी ३१६४ या दस्तऐवजातल्या रूपात, वर्ष लिहायला जागाच नाही. महिना, तारीख, वेळ, संपलं. ओळ येते ती ‘जॅन १ ०५:३०:१४’ अशी. १९७० वाटेतच गळलं. सर्व्हरवर हे संदेश गोळा करणारा आरसिसलॉग नेहमीच्या साच्यात पाठवणाऱ्याने सांगितलेलीच वेळ छापतो, म्हणून ती ओळ जशीच्या तशी फाइलमध्ये जाते. स्क्रिप्ट तिला चालू वर्ष चिकटवते आणि सर्वात जुनी नोंद १ जानेवारीची ठरवते. जुलैत हे घडलं तर १ जानेवारी म्हणजे १८० दिवसांच्या पलीकडे. अहवालातला रकाना हिरवा. एरर आली असती तर कोणीतरी बघितलं असतं.

खरं तर तिथे लॉगरोटेटमध्ये (जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू करणारं साधन) आठवड्याला एक नवी फाइल आणि जुन्या चार फाइली एवढंच लिहिलेलं होतं. डेबियन लिनक्सवर आरसिसलॉगसोबत हीच मांडणी येते. म्हणजे हातात जेमतेम पाच आठवड्यांचे लॉग. त्यात जानेवारी येणार कुठून? पण हा प्रश्न स्क्रिप्टला पडत नाही. “साहेब, गुरुवारनंतरच होतं हे,” असं तिथल्या इलेक्ट्रिशियनने सांगितल्यावर शोध सोपा झाला.

उपाय दोन ठिकाणी आहे. पहिला आरसिसलॉगच्या साच्यात. त्याच्याकडे प्रत्येक संदेशाच्या दोन वेळा असतात: ‘टाइमरिपोर्टेड’, म्हणजे पाठवणाऱ्याने सांगितलेली, आणि ‘टाइमजनरेटेड’, म्हणजे संदेश आपल्या दारात आला ती. साच्यात दोन्ही छापा, आरएफसी ३३३९च्या (वर्ष आणि झोनसकट) रूपात. कालावधी मोजायला दुसरी वापरा. तिथे घड्याळ एकच, सर्व्हरचं. उपकरणाची वेळ टाकून मात्र देऊ नका. घटनेचा तपास करताना दोन्हींतला फरकच उपयोगी पडतो.

‘आम्ही नव्या आयएसओ रूपात लिहितो, आम्हाला हा त्रास नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा फाइल उघडावी. डेबियन १२ पासून आरसिसलॉग मुळातच वर्ष आणि झोनसकट लिहितो हे खरं. पण उपकरणाने वर्ष पाठवलंच नसेल तर ते वर्ष सर्व्हरने अंदाजाने भरलेलं असतं. रूप नवं, माहिती तीच. उपकरणाला आरएफसी ५४२४ (वर्ष असलेलं नवं सिसलॉग रूप) बोलता येत असेल तर सेटिंगमध्ये ते चालू करा. मग १९७० निदान १९७० म्हणून येतं आणि स्क्रिप्टला ओळखता येतं.

दुसरा उपाय जुन्या फाइलींसाठी. पहाटे साडेपाचच्या आसपासची १ जानेवारीची ओळ दिसली आणि तिच्या आधीची-नंतरची ओळ वेगळ्याच महिन्यातली असेल, तर ती ओळ किमान-कमाल काढताना बाजूला ठेवा आणि बाजूला ठेवल्याचं अहवालात लिहा. गपचूप वगळणं म्हणजे दुसऱ्या दिशेने तीच लबाडी.

हाच प्रकार जुन्या पीसीला सर्व्हर केलेल्या ठिकाणीही होतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, वीज गेली की बायोसची तारीख मूळपदावर जाते. तिथे साडेपाचची खूण नसते, तारीख बोर्ड बनवणाऱ्याने ठेवलेली असते. तापकीर गल्लीतून सेल आणून बसवणं हे कोड लिहिण्यापेक्षा स्वस्त आहे.

फरक एका वर्षाचा

दर जानेवारीत येणारा पाहुणा. वर्ष नसलेल्या ओळींना चालू वर्ष लावलं की डिसेंबरच्या नोंदी अकरा महिने पुढच्या होतात, आणि ‘सर्वात नवीन’ नोंद येत्या ३१ डिसेंबरची निघते.

बरेच जण ‘भविष्यातली तारीख आली तर एक वर्ष वजा करा’ असं लिहितात. चालतं, पण तुलना ‘आत्ता’शी केली तर मागच्या वर्षीची फाइल वाचताना फसतं. त्यापेक्षा फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख घ्या, शेवटच्या ओळीला ते वर्ष द्या, आणि उलट्या क्रमाने वर या. वर जाताना जानेवारीवरून डिसेंबरवर, किंवा कुठल्याही पुढच्या महिन्यावर, उडी पडली की एक वर्ष कमी. जीझिप केलेल्या (दाबून लहान केलेल्या) फाइलीत मूळ फाइलची तारीख टिकते, त्यामुळे तिथेही हे जमतं. मात्र कोणी साध्या कॉपीने फाइली दुसऱ्या डिस्कवर नेल्या असतील तर सगळ्यांवर कॉपीची तारीख असते. आणि वर सांगितलेल्या स्विचच्या ओळी आधी बाजूला काढल्या नाहीत, तर दर गुरुवारी तुमची स्क्रिप्ट एक वर्ष मागे जाईल.

पायथनच्या स्ट्रपटाइममध्ये (मजकुरातून तारीख वाचणारं फंक्शन) वर्ष दिलं नाही तर ते १९०० धरलं जातं. १९०० लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे २९ फेब्रुवारीच्या ओळीवर व्हॅल्यूएरर येते, चार वर्षांतून एकदा. पायथन ३.१३ पासून तर वर्षाशिवाय तारीख वाचली की इशाराच येतो. वर्ष आधी मजकुराला जोडा आणि मग वाचा.

तारखा अक्षरांच्या क्रमाने लावणाऱ्यांबद्दल थोडक्यात: इंग्रजी महिन्यांच्या संक्षेपांत एप्रिल सर्वात आधी आणि सप्टेंबर सर्वात शेवटी येतो. स्क्रिप्ट वर्षभर एप्रिल-सप्टेंबर सांगत असेल तर कारण हेच. शिवाय या रूपात एक आकडी तारखेआधी दोन मोकळ्या जागा असतात. एकेका जागेवर ओळ तोडणारा कोड महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तारखेच्या जागी रिकामा तुकडा उचलतो आणि दहा तारखेला आपोआप बरा होतो.

जर्नल असेल तर फाइली कशाला?

सिस्टमडी (लिनक्समधल्या सेवा चालवणारी यंत्रणा) असलेल्या यंत्रावर हा प्रश्न बराच हलका होतो. तिच्या जर्नलमधल्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या लॉगमधल्या, प्रत्येक नोंदीबरोबर दोन घड्याळांची वेळ असते: एक भिंतीवरची, १९७० पासूनच्या मायक्रोसेकंदांत, यूटीसीत, दुसरी यंत्र सुरू झाल्यापासूनची. वर्षाचा आणि झोनचा घोळ इथे संपतो. जर्नल वाचणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला जेसन रूपात एकच नोंद मागितली की शेवटची मिळते. पहिल्यासाठी सगळं ‘हेड’मधून गाळून पहिली ओळ घ्या, किंवा नव्या आवृत्त्यांत ओळींच्या संख्येआधी अधिक चिन्ह द्या. त्यातलं ‘रिअलटाइम टाइमस्टॅम्प’ हे क्षेत्र वाचा. छापील तारीख पुन्हा पार्स करत बसू नका.

सी मध्ये लिहीत असाल तर याच कामासाठी तयार फंक्शन आहे: एसडी_जर्नल_गेट_कटऑफ_रिअलटाइम_युसेक. नाव लांबलचक, काम एकच: जर्नलची सुरुवातीची आणि शेवटची वेळ. नोंदी नसतील तर शून्य परत येतं, ते तपासा. ते झटपट चालतं कारण प्रत्येक जर्नल फाइलच्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची वेळ बघतं. फाइलच्या मधोमध घड्याळ मागे उडालेलं असेल तर त्याला दिसत नाही. पायथनच्या रीडरने शोधत असाल तर शेवटावर गेल्यावर ‘पुढची’ नव्हे, ‘मागची’ नोंद मागा. ‘पुढची’ मागितली की हाती काही येत नाही आणि लोक जर्नल रिकामं आहे असं समजतात.

इथला खरा सापळा परवानगीचा. साध्या वापरकर्त्याने जर्नलसीटीएल चालवलं तर त्याला स्वतःच्याच नोंदी दिसतात. तशी सूचना येते खरी, पण स्क्रिप्टमध्ये आउटपुट स्वच्छ हवं म्हणून ‘क्वाएट’ पर्याय लावलेला असतो आणि तो नेमकी हीच सूचना गिळतो. हाताने रूट म्हणून चालवल्यावर कालावधी मोठा आणि क्रॉनमधून छोटा येत असेल, तर क्रॉनच्या वापरकर्त्याला ‘सिस्टमडी-जर्नल’ गटात घाला. आणि यंत्र सुरू केल्यापासूनच्याच नोंदी दिसत असतील तर जर्नल डिस्कवर नाही, ‘रन’ फोल्डरमधल्या तात्पुरत्या जागेत आहे. तिथे स्क्रिप्ट नव्हे, ‘स्टोरेज’ सेटिंग दुरुस्त करायचं.

स्क्रिप्ट कशी असावी

किमान-कमालसाठी सगळ्या ओळी वाचाव्याच लागतात. ‘एवढी मोठी फाइल अख्खी वाचायची?’ असं विचारलं जातं. हो, दिवसातून एकदा, रात्री, एकेक ओळ करत. मेमरीत सगळी भरायची गरज नाही. दर पाच मिनिटांनी उत्तर हवं असेल तर पहिली-शेवटची ओळ पुरते, पण मग अहवालात तिला ‘पहिल्या ओळीची वेळ’च म्हणा.

‘पहिली ओळ’ तरी सरळ असते का? रोटेशन नुकतंच झालं असेल तर फाइल रिकामी. शेवटची ओळ अर्धवट लिहिलेली असू शकते. जावाचा स्टॅक ट्रेस (एररचा अनेक ओळींचा तपशील) असेल तर शेवटच्या कित्येक ओळींना वेळच नसते, मागे मागे जाऊन वेळ असलेली ओळ गाठावी लागते. यंत्र अचानक बंद पडलं असेल तर फाइलमध्ये शून्य बाइटांचा पट्टा राहतो आणि मजकूर शोधणारा ग्रेप ‘बायनरी फाइल’ म्हणून हात वर करतो. त्याला ‘ए’ पर्याय देऊन मजकूर म्हणून वाचायला लावा. जुन्या फाइली क्रमाने घेताना नावांवर जाऊ नका. अक्षरांच्या क्रमात सिसलॉग.१० हा सिसलॉग.२ च्या आधी येतो, सॉर्टला ‘व्हर्जन’ पर्याय द्यावा लागतो.

वाचलेल्या प्रत्येक ओळीची वेळ यूटीसीत करा आणि आधीच्या ओळीपेक्षा ती किती मागे-पुढे गेली ते नोंदवत चला. शेवटी पहिल्या ओळीची वेळ, किमान, कमाल, शेवटच्या ओळीची वेळ आणि वेळ न वाचता आलेल्या ओळींची संख्या हे सगळं छापा. दूरची उपकरणं असतील तर काही सेकंदांचा उलटापालट क्रम नेहमीचा आहे, त्यावर ओरडू नका. किमान आणि पहिली ओळ यांत तासाहून जास्त अंतर असेल, कमाल ‘आत्ता’च्या पुढे असेल, किंवा किमान रोटेशनच्या हिशेबाहून जुनी असेल, तर स्क्रिप्टने शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) द्यावा. यातली तिसरी अट सर्वात कमी लोक लिहितात आणि भोसरीतला घोळ तिनेच पकडला असता.

विंडोजवर पॉवरशेलच्या गेट-विनइव्हेंट कमांडला ‘मॅक्सइव्हेंट्स १’ दिलं की सर्वात नवीन, सोबत ‘ओल्डेस्ट’ दिलं की सर्वात जुनी नोंद. पॉवरशेलमध्ये दिसणारी वेळ स्थानिक असते आणि त्याच नोंदीच्या एक्सएमएलमधली यूटीसी, म्हणजे साडेपाच तासांचं भांडण तिथेही आहेच. सिस्टम लॉगची मूळ मर्यादा २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. गजबजलेल्या यंत्रावर १८० दिवस त्यात मावणार नाहीत, मर्यादा आधी वाढवा.

तपासणीसाठी एक छोटी नकली फाइल बनवून ठेवा: ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या लागोपाठ ओळी, एक २९ फेब्रुवारी, एक आकडी तारीख, ‘झेड’वाली एक आणि ‘+०५:३०’वाली एक (पायथन ३.११च्या आधी फ्रॉमआयएसओफॉरमॅटला ‘झेड’ चालत नाही, ते इथेच कळेल), वेळ नसलेल्या दोन ओळी, आणि जुलैच्या मधोमध ‘जॅन १ ०५:३०:१४’. स्क्रिप्ट बदलली की आधी हिच्यावर चालवा, मग सर्व्हरवर.